येईल की

आमच्या स्टँडच्या तक्रारवहीत एकदा एक तक्रार आली. लिहिणारा गडहिंग्लजकडचा कुणी शिक्षक असावा, कारण अक्षर वळणदार होतं आणि भाषा सरकारी. ‘चौकशी खिडकीवरील कर्मचाऱ्यास गाडीची वेळ विचारली असता सदर कर्मचारी आधी श्वास घेतो व नंतर वेळ सांगतो. तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ त्या वहीत मी नाही नाही ते वाचलंय, पण श्वास घेतो म्हणून कुणाची तक्रार झालेली ती एकच. साहेबांनी मगदूम अण्णांना बोलावून लेखी खुलासा मागितला. अण्णांनी खाली एक ओळ लिहून दिली, ‘तक्रार खरी आहे.’ साहेबांनी कपाळाला हात लावला आणि वही मिटली.

गुरुपाद मगदूम हे त्यांचं नाव. कोल्हापूरच्या स्टँडवर ते चौकशीच्या खिडकीत बसायचे आणि शेजारच्या पासच्या खिडकीत मी. आमच्या दोघांमध्ये प्लायवूडची भिंत होती आणि तिला वरून वीतभर फट होती. त्यामुळे त्यांच्या खिडकीवरचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझ्या खिडकीवरचं त्यांना. माझ्या खिडकीवरचं फारसं ऐकण्यासारखं नव्हतं. जूनमध्ये पासासाठी कॉलेजची झुंबड उडायची, फॉर्मवर फोटो उलटे चिकटवलेले असायचे, आणि मी एकेकाचा जो उद्धार करायचे तो समोरच्या रसवंतीपर्यंत जायचा.

मी तिथे नवीन आले तेव्हा ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस बहिरा आहे. खिडकीशी कुणी यायचं, ‘राधानगरी कधी हाय?’ म्हणायचं, आणि अण्णा नुसते त्याच्याकडे बघत राहायचे. मोजून एक श्वास. मग ‘अकरा वीस, फलाट चार’ असं स्वच्छ उत्तर. पुढचा माणूस आला की पुन्हा तेच. घाईतल्या माणसाला एक श्वास केवढा मोठा वाटतो हे त्या खिडकीसमोर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. मास्तर झोपलाय काय, कानात बोळे घातलेत काय, असं दिवसभर चालायचं. अण्णांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

चार दिवसांनी मी फटीतून विचारलंच. म्हटलं, अण्णा, वेळापत्रक तर तुम्हाला तोंडपाठ आहे, मग आठवायला एवढा वेळ का लागतो? ते म्हणाले, आठवायला कुठे लागतो. माणूस समोर आला की पहिला श्वास त्याचा. श्वास घेताना त्याची घाई आपल्याकडे घ्यायची, सोडताना मनात म्हणायचं, सुखानं पोचा. मग गाडी सांगायची. रजेचा अर्ज कसा भरायचा हे सांगावं इतक्या साधेपणाने त्यांनी हे सांगितलं. मी हसले. म्हटलं, सगळ्या स्टँडला सुखानं पोचा म्हणत बसलात तर गाड्या रिकाम्या सुटतील.

‘सुटूंदेत की,’ अण्णा म्हणाले. ‘त्यो माणूस माझ्याकडनं रिकामा जाऊ नये.’

हे त्यांना कुणा बुवाने शिकवलेलं नव्हतं. ते लिंगायत. पहाटे अंघोळ करून कपाळाला विभूती लावायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं, ही घरची पद्धत. वडिलांनी लहानपणी बसवलं ते पुढे एक दिवस चुकलं नाही. पण नोकरी लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पहाटेची ती शांतता स्टँडवर पाय ठेवला की पाच मिनिटांत संपते. मग अशा बसण्याचा उपयोग काय, असं त्यांना वाटायला लागलं. म्हणून त्यांनी ते खिडकीत आणलं. तळहातावरच्या लिंगाकडे जसं बघायचं तसंच खिडकीतल्या तोंडाकडे बघायचं, एका श्वासापुरतं. पुढे गावात चौकाचौकात ध्यानाच्या शिबिरांचे फलक लागायला लागले, तेव्हा मी त्यांना चिडवायचे की अण्णा, तुम्ही पण एक वर्ग काढा. ते म्हणायचे, माझ्या वर्गाला लोक पिशव्या घेऊन, शिव्या देत येतात, तेवढे मला पुरेत.

पूजेच्या सवयीने खिडकीतसुद्धा त्यांचा डावा तळहात टेबलावर उताणा असायचा. कागलकडच्या एका पावण्याला वाटलं, हे तंबाखू मागतायत. त्याने चंची सोडली, चांगली चिमूटभर तंबाखू त्या तळहातावर ठेवली, वर चुन्याचं बोट पुसलं आणि म्हणाला, ‘मळा निवांत. माझी गाडी गेली तर जाऊंदे.’ अण्णांनी उभ्या जन्मात तंबाखू खाल्लेली नव्हती, पण नको म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांनी ती कागदात बांधून ठेवली आणि संध्याकाळी शिपायाला दिली.

आणखी एक. ते खोटी वेळ सांगत नसत. आमच्याकडे गाडी कधी येणार याला एक ठरलेलं उत्तर आहे, ‘येईल की.’ कोल्हापुरात हे उत्तर तुम्हाला न्हाव्याकडे, दवाखान्यात, पिठाच्या गिरणीत, कुठेही मिळेल. त्या ‘की’मध्ये सगळी मेख आहे. त्यात गाडी नसते, वेळही नसते, विचारणाऱ्याने गप्प बसावं एवढाच त्याचा अर्थ. मी दिवसातून वीसदा ते म्हणायचे. अण्णांना खपायचं नाही. गाडीचा पत्ता नसेल तर ते खुर्चीवरून उठून आत कंट्रोलरकडे जायचे, फोन लावायला लावायचे, आणि इकडे रांग उकळत असायची. परत येऊन सांगायचे की गाडी वाटेत बंद पडलीय, दुसरी निघाली आहे, दीड तास धरा. मी एकदा म्हटलं, एवढी पायपीट कशाला करता, येईल की म्हणायला तुमचं काय जातं? त्यावर मात्र ते गंभीर झाले.

‘येईल की हे उत्तर न्हवं, पाटीलबाई. ती टाळाटाळ हाय. माणूस त्या आशेवर बसून ऱ्हातोय. न्हाय तर न्हाय म्हणावं, म्हंजे त्यो दुसरी वाट धरतोय.’

एका दुपारी एका माणसाने खिडकीतून हात घालून त्यांची कॉलरच धरली. त्याची गाडी सुटली होती आणि साताऱ्याला त्याचं कुणीतरी शेवटच्या घटका मोजत होतं. मी ओरडून शिपायाला हाक मारली. अण्णांनी कॉलर सोडवून घेतली नाही. तशा अवस्थेत त्यांनी श्वास घेतला आणि सांगितलं की रिक्षा करून शिरोली नाक्यावर जा, हायवेला साताऱ्याकडे जाणारं काहीही मिळेल, नाक्यावर दहा मिनिटांत पोचाल. तो माणूस पळत गेला. अण्णांनी कॉलर सरळ केली आणि मागच्याला म्हणाले, हं, बोला. नंतर चहा पिताना मी विचारलं की राग येत नाही का हो तुम्हाला? ते म्हणाले, येतो की. पण शिव्या काय मला देत नाहीत, गाडीला देतात.

‘इतक्या वर्सांत मला कुणी काय इचारलंच न्हाय,’ ते म्हणाले. ‘समदी गाडीला इचारत्यात. मी मदी बसलोय एवढंच.’

त्यांच्या नादाने मीसुद्धा हे एक आठवडा करून पाहिलं. पहिल्याच दिवशी उलटा फोटो समोर आला. मी श्वास घेऊन त्या मुलीकडे बघत राहिले, तर तिला वाटलं मला चक्कर येतेय आणि ती पाणी आणायला धावली. घरी नवऱ्याने मीठ मागितलं तेव्हा त्याच्याकडे श्वासभर बघितलं. तो घाबरून म्हणाला, काय झालं, माहेरचा फोन आलता काय? मी तो उद्योग सोडून दिला. अण्णा म्हणाले, सोडू नका, दिवसाला एकच माणूस धरा. मी तेवढंही केलं नाही, हे कबूल करते. माझ्या जिभेला धार होती आणि ती मला आवडायची.

त्यांची बायको गौरव्वा, आमची गौरव्वा वैनी. माहेर संकेश्वरचं, हद्दीपलीकडचं, त्यामुळे मराठी बोलताना मध्ये कानडीची ठेच लागायची. कसबा बावड्याला त्यांचं घर होतं. कधी कधी ती स्वतः सिटी बसने डबा घेऊन यायची, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. रांग मोडायची नाही असा अण्णांचा दंडक, म्हणून ती बिचारी प्रवाशांमागे उभी राहून पुढे सरकत यायची आणि डबा खिडकीतून द्यायची. अण्णा तिच्याकडेही श्वासभर बघायचे. ‘माझी गाडी चुकायला लागलीया, लौकर घ्या,’ असं म्हणून ती पदरात हसायची. तिने मला सांगितलं होतं की लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हाही ह्यांनी आधी श्वास घेतला, आणि सगळ्यांना वाटलं, नवरा नाव विसरला.

अण्णा निवृत्त झाले त्या दिवशी हार घातलेला असतानाही पाच वाजेपर्यंत खिडकीत बसले. नंतर तिथे एक चुणचुणीत माणूस आला. तो समोरच्याचं पुरं व्हायच्या आत उत्तर द्यायचा आणि त्यातलं निम्मं चुकीचं असायचं. तक्रारवहीत त्याच्याबद्दल कधी काही आलं नाही.

मी लाइन बाजारला राहायचे, तिथून बावडा जवळ, म्हणून रविवारी अधूनमधून त्यांच्याकडे जायचे. निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांनी वैनीचं बदललं. आधी आमटीत दोनदा मीठ. मग गॅस चालू ठेवून बाहेर बसणं. मग एके दिवशी तिने पिशवी भरली, पायात चपला घातल्या आणि दारात येऊन अण्णांना विचारलं, संकेश्वर गाडी कधी हाय? आई वाट बघत बसली असेल म्हणाली. आईला जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, औषधाने थोडा सावकाश पुढे सरकेल, मागे येणार नाही. पुण्याची मुलगी दोघांना महिनाभर घेऊन गेली. तिसऱ्या मजल्यावर वैनी इतकी भेदरली की त्यांना परत आणावं लागलं.

तेव्हा अण्णा खचलेले नव्हते. वैनी दिवसातून तीस-चाळीस वेळा तोच प्रश्न विचारायची, आणि ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे तिच्याकडे बघायचे, श्वास घ्यायचे आणि खरी वेळ सांगायचे. साडेदहा, मग पावणेबारा. तेवढ्याने तिचं समाधान व्हायचं, ती पिशवी ठेवायची आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलायची. अण्णा मला म्हणाले होते की बघा पाटीलबाई, आयुष्यभर जे केलं तेच करायचंय, फक्त माणूस एकच आहे. मलाही ते पटलं. एवढी वर्षं ज्याने हाच सराव केला त्याला हे जमणार नाही तर कुणाला, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. आम्ही दोघंही चुकलो होतो.

एका रविवारी त्यांनी ठरवलं की वेळ खरी सांगतोय तर गाडीतही बसवू. तिघं मिळून संकेश्वरला गेलो. गाडीत वैनी खिडकीशी बसली होती, चेहरा उजळला होता, वाटेतल्या गावांची नावं आपणहून घेत होती. अण्णा माझ्याकडे बघून हसले. इतकं मोकळं मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. तिच्या भावाच्या घरी भावजयीने ओवाळलं, जेवायला वाढलं, वैनी पोटभर जेवली. अर्ध्या तासाने तिने पिशवी उचलली, उंबऱ्यात गेली आणि अण्णांना म्हणाली, ‘आवो, संकेश्वर गाडी कधी हाय?’

अण्णांनी श्वास घेतला. त्या गावातून त्या गावाला जाणारी गाडी कुठल्याच वेळापत्रकात नव्हती. त्यांनी तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे.

‘येईल की,’ अण्णा म्हणाले.

परतीच्या वाटेवर निपाणीच्या पुढे आल्यावर अण्णा म्हणाले की आज पहिल्यांदा कुणाला खोटी गाडी सांगितली. मी म्हटलं, अण्णा, यात खोटं काय, ती आजारी आहे. माझं बोलणं मलाच पोकळ वाटलं, आणि त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. वैनी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती.

त्यानंतर बावड्याहून खऱ्या वेळा सांगण्यातही काही अर्थ उरला नाही. साडेदहाची गाडी नेणार कुठे, हे त्यांना कळून चुकलं होतं. ते ‘येईल की’वर आले. दिवसातून चाळीस वेळा, पन्नास वेळा. पहाटेची पूजाही मोडली, कारण डोळे मिटायच्या किंवा लिंगावर लावायच्या त्या वेळात वैनी दाराची कडी काढून रस्त्यावर जायची. एकदा ती साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांमध्ये सापडली. अण्णा म्हणायचे की आता माझी पूजा हीच. म्हणायचे, पण तोंड ओढलेलं असायचं. रोज सकाळी ते स्वतः तिची पिशवी भरायचे. त्यात एक लुगडं, फणी आणि फडक्यात बांधलेली ताजी भाकरी, कारण शिदोरी नसेल तर ती घाबरीघुबरी व्हायची.

आणि मग ते झालं. मी तिथे नव्हते, त्यांनीच मला सांगितलं, कुणालाही सांगितलं नाही असं म्हणून. एप्रिल महिना, वीज गेलेली, रात्रभर झोप नाही. सकाळपासून वैनी विचारत होती आणि सकाळपासून ते येईल की म्हणत होते. दुपारी जेवायच्या ताटावर तिने पुन्हा विचारलं. त्या वेळी श्वास घ्यायचा राहिला. अण्णा उठून उभे राहिले आणि ओरडले की कुठलं संकेश्वर, तिथे कोण वाट बघत नाही तुझी, आई मेली, बाप मेला, जुनं घर पाडलं. वैनीने ते ऐकलं आणि ती खाली बसली. आई आत्ताच गेल्यासारखा तिने हंबरडा फोडला. शेजारीपाजारी गोळा झाले. अण्णा तिला जवळ घ्यायला गेले तर ती त्यांना ढकलत होती, विचारत होती, तू कोण, माझ्या घरात का आलायस?

‘धा मिन्टात आई मेलेली इसरली,’ अण्णा मला म्हणाले. ‘पर रडायचं थांबना. कशासाठी रडतीया त्ये ठावं न्हाय, आणि रडतीया. मी केलं त्ये, पाटीलबाई. ज्या तोंडानं समद्या मुलखाला सुखानं पोचा म्हणत होतो, त्याच तोंडानं.’

मला तर रोज कुणावर तरी ओरडल्याशिवाय जेवण जात नव्हतं. त्यांचं एक ओरडणं माझ्या आयुष्यभराच्या ओरडण्यापेक्षा जड झालं होतं. मी चहा केला.

त्या दुपारपासून वैनी त्यांना भिऊ लागली. प्रसंग विसरली होती, भीती तेवढी राहिली. अण्णा खोलीत आले की ती भिंतीला टेकून उभी राहायची. त्यांच्या हातचं खायची नाही. घरातला हा परका पुरुष कोण, असं शेजारणीला विचारायची. दोन दिवस ती बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिली आणि अण्णा आत. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नसावं. ती उठली, कट्ट्यावरच्या खिडकीच्या गजांपाशी आली आणि आत बसलेल्या माणसाला म्हणाली, ओ मास्तर, संकेश्वर गाडी कधी हाय?

गजांच्या आतला माणूस तिला परका नव्हता. तो चौकशीवाला होता. हे अण्णांना कळायला एक श्वास लागला, नेहमीसारखाच. मग त्यांनी नोकरीतला आवाज काढला. आणि नोकरीत अनोळखी बाईला ते जी हाक मारायचे तीच त्यांच्या तोंडून गेली.

‘बसा अक्का. येईल की.’

वैनी निवांत झाली आणि खाली बसली. अण्णांनी गजांमधून भाकरी दिली, ती तिने घेतली. त्या दिवशी तिने त्यांच्या हातचं खाल्लं. पण हे मला सांगताना अण्णा ‘अक्का’ या शब्दाशी अडले. आमच्याकडे अक्का म्हणजे थोरली बहीण. चाळीस वर्षांच्या संसारातल्या बायकोला अक्का म्हणायचं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. ते म्हणाले, एकदा म्हटलं तवा वाटलं, सुटलो. मग वाटलं, आता मी हिचा कोण?

पुढे तीच रीत पडली. सकाळी शेजारीण वैनीला अंघोळ घालून, पिशवी हातात देऊन कट्ट्यावर बसवायची, अण्णा आत खिडकीशी स्टूल घेऊन बसायचे. गल्लीतून जाणारा दूधवालासुद्धा सवयीने विचारायचा, अण्णा, काय म्हणतीया गाडी? त्यात चेष्टा नव्हती. लोकांनाही दुसरं काय बोलावं ते सुचत नसे. मुलगी दर महिन्याला यायची, आईला कुठेतरी ठेवू म्हणायची, रडायची आणि जायची. मला वाटायचं यातून काहीतरी निघेल, एखादं औषध, एखादी युक्ती. एकदा मी त्यांना जुनी आठवण दिली, म्हटलं, तुमचा तो श्वास अजून आहे ना? ते म्हणाले, आहे. घेतो. पण सोडताना आता काय म्हणायचं ते कळत नाही. सुखानं पोचा म्हणावं, तर कुठे पोचा म्हणू?

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मुलीने दोघांना कायमचं पुण्याला नेलं आणि पुन्हा आमची भेट झाली नाही. त्याआधी, कारखान्याचा हंगाम संपत आला होता तेव्हा, एका रविवारी चारच्या सुमाराला मी गेले होते. गल्लीभर मळीचा वास होता. वैनी कट्ट्यावर बसली होती, मांडीवर पिशवी. आत गजांमागे अण्णा. दाढी वाढलेली, विभूती मात्र लावलेली. डावा तळहात खिडकीच्या फळीवर उताणा होता. मी फाटकातून आत आले तेवढ्यात वैनी उठली आणि गजांपाशी गेली.

‘ओ मास्तर, संकेश्वर गाडी कधी हाय?’

अण्णांनी श्वास घेतला. मी फाटकाशीच थांबले. श्वास सुटला, पण शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा घेतला. ओठ हलले. मग त्यांनी कपाळ गजाला टेकवलं आणि तसेच राहिले. मला वाटलं, आपण सांगावं त्यांच्याऐवजी. दोनच शब्द होते, जन्मभर मी ते येता जाता फेकले होते. माझ्याही तोंडून ते निघेनात.

वैनी त्यांच्याकडे बघत होती. घाई नव्हती तिला. मग तिने पिशवीतलं फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि गजांमधून हात घालून त्या उताण्या तळहातावर ठेवला.

‘खावा मास्तर,’ ती म्हणाली. ‘दमला असशीला. सकाळधरनं किती जणांनी इचारलं असंल तुमास्नी.’

अण्णांनी मूठ मिटली नाही. कपाळ गजावरून काढलं आणि ते तळहाताकडे बघत राहिले. वैनी मागे वळली, मला पाहिलं, ओळखलं नाही. कट्ट्यावर बसून तिने पिशवी मांडीवर घेतली आणि थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली.

‘बसा बाई,’ ती म्हणाली. ‘येईल की गाडी.’

मी तिच्या शेजारी बसले.